जरा उचलून

“नुसतं हातात तर घेऊन बघा, दादा. मग बोला,” साडू म्हणाले आणि पेटीतलं पहिलं कुलूप त्यांनी किल्लीकाकांच्या पुढे धरलं.

किल्लीकाकांनी ते घेतलं नाही. चहाचा शेवटचा घोट घेतला, कप खाली ठेवला, मिशी पुसली आणि सासूबाईंच्या खोलीतल्या पंख्याकडे बघत म्हणाले, “नको. आमच्या हाताला ग्रीस असतं. तुमचा माल खराब व्हायचा.”

ग्रीस वगैरे काही नव्हतं. सासुरवाडीला जायचं म्हणून सकाळी त्यांनी आधी रॉकेलनं आणि मग साबणानं हात इतके घासले होते की बायको मोरीच्या दारात उभी राहून विचारत होती, “अहो, कातडं तरी ठेवणार आहात का?” आता तीच बायको शेजारी बसून, खाली मान घालून, ओठ आवळून हसू दाबत होती. किल्लीकाकांना ते दिसलं आणि त्यांचं डोकं आणखीच तापलं.

पेटी टीपॉयवर उघडी होती. आत निळी मखमल, मखमलीत कोरलेले तीन खड्डे आणि त्यात तीन कुलपं. पेटीच्या झाकणाला आतून दिवा होता. कुलपं विकायला दिवा कशाला लागतो, हे किल्लीकाकांना कळत नव्हतं. त्यांची टपरी औषधाच्या दुकानाच्या पायरीला चिकटून होती. तिथे तारेला लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या वाऱ्यावर वाजत, तीच त्यांची जाहिरात. मखमलीचं म्हणाल, तर टपरीत एक जुनं गोणपाट होतं, त्यावर ते स्वतः बसत.

जगात धंद्यांना काही तोटा नव्हता. विमा होता, बँका होत्या, रंगाची, चपलांची, औषधांची दुकानं होती. पण धाकट्या मेव्हणीला नवरा मिळाला तोही कुलपांतलाच. फरक एवढाच, की काका रस्त्यावर आणि हा काचेच्या आत, थंड हवेत, गळ्यात नावाचं कार्ड घालून. त्याचं लग्न झालं त्या दिवसापासून किल्लीकाकांनी मनातल्या मनात त्याचं नाव ‘शोरूम’ ठेवलं होतं. तोंडावर मात्र ते त्याला अहो-जाहो करत. त्यातून शोरूम माणूस म्हणून वाईट असता तर बरं झालं असतं, निदान उघड भांडता तरी आलं असतं. पण तो पायातल्या चपला काढताना आधी काकांच्या चपला सरळ करून ठेवायचा, ‘दादा, दादा’ म्हणून मागे फिरायचा. अशा माणसावर जळणं फार कष्टाचं काम असतं.

आजची ही बैठक बसली होती ती वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडामुळे. ती माणसं परगावी गेली होती, तेवढ्यात त्यांचं घर फुटलं. गेलं ते गेलंच. वर विमा कंपनीनं सांगितलं की दाराला प्रमाणित कुलूप नव्हतं, तेव्हा भरपाई विसरा. ते ऐकल्यावर धाकटीनं फोनवर आईला घाबरवलं, आईनं थोरलीला फोन केला, आणि कंपनीत विचारणा झाली. सासूबाईंच्या घराचाही विमा होता. त्यातही तीच अट निघाली. दाराला शिक्का असलेलं कुलूप बसवा, मग कंपनीचा माणूस येऊन बघून जाईल. नाहीतर चोरीपुरता तो विमा नुसता कागद. तो माणूस उद्या येणार होता.

सासूबाईंनी आधी साफ नाही म्हटलं होतं. “माझ्या थोरल्या जावयानं स्वतःच्या हातानं घडवलेलं कुलूप आहे. त्याला काय धाड भरलीय?” असं त्या फोनवर म्हणाल्याचं बायकोनं सांगितलं, तेव्हा किल्लीकाका दोन घास जास्त जेवले होते.

आणि ते खरंच होतं. लग्न ठरलं तेव्हा किल्लीकाकांकडे देण्यासारखं दुसरं काही नव्हतं. म्हणून त्यांनी एक कुलूप घडवलं. पितळी पट्ट्या कानशीनं घासून घासून एकेक लिव्हर बसवला आणि ते सासूबाईंच्या दाराला आतल्या अंगानं ठोकलं. आतून साधी कडी, आणि बाहेर जाताना हे कुलूप. पुढे दार बिजागऱ्यांवर थोडं खाली बसलं. तेव्हापासून ते दार मुठीला धरून जरा उचलायचं, आपल्याकडे ओढायचं आणि मग किल्ली फिरवायची, अशी रीत पडली. दुसऱ्या कुणाच्या घरी किल्लीकाकांनी ती बिजागरी तासाभरात सरळ केली असती. इथे मात्र केली नाही. “चोराला हे माहीत नाही ना! तोच खरा आपला जास्तीचा लिव्हर,” असं ते म्हणत आणि सासूबाई मान डोलवत. घरात येणाऱ्याजाणाऱ्याला त्या सांगत, “जरा उचलून हं. आमच्या जावईबापूंचं कुलूप आहे.” काकांना ते ऐकायला फार आवडायचं. काही काही वेळा ते मुद्दाम मागे रेंगाळत, म्हणजे कुणीतरी दार ओढेल आणि सासूबाई ते वाक्य म्हणतील.

“आई, तिन्हींवर शिक्का आहे,” शोरूम समजावत होते. “हे बघा, इथे पट्टीवर कोरलेलाय. खोक्यावर छापलेला नाही चालत. उद्या तो माणूस आला की कुलपाच्या अंगावरचाच शिक्का बघणार. नंबर लिहून घेणार. तिन्ही कुलपं चाचणीतनं पास झालेली आहेत.”

“कसली चाचणी?” किल्लीकाकांनी पंख्यालाच विचारलं.

“ड्रिल मारून बघतात, दादा. हातोड्यानं, पहारीनं. मशीनवर लावून ओढतात.”

“मशीन ओढतं?”

“हो.”

“मशीनला आत शिरून करायचंय काय?”

बायकोनं कोपरानं ढोसलं. शोरूम मनापासून हसले. “हे बरंय! आमच्या साहेबांना सांगतो,” असंही म्हणाले. किल्लीकाकांना वाटलं, एकदा तरी या माणसानं चिडावं.

सासूबाई स्वयंपाकघरातून बिस्किटांची बरणी घेऊन आल्या. आयुष्यभर त्या रुग्णालयात परिचारिका होत्या, तेही शस्त्रक्रियेच्या खोलीत. डॉक्टरांनी हात पुढे केला की मागायच्या आत हत्यार हातात, अशी त्यांची ख्याती होती. अजून चाल ताठ होती, आवाज ठणठणीत होता. त्या दोन जावयांच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या, क्षणभर थांबल्या आणि बरणी शोरूमच्या हातात देत म्हणाल्या, “एवढं झाकण काढा हो.”

एवढंसं होतं, पण किल्लीकाकांना ते लागलं. आपण इथे हातभर अंतरावर बसलोय. लोक अडकलेल्या तिजोऱ्या घेऊन आपल्याकडे येतात. आणि बरणी उघडायला शोरूम! आणि ही काही पहिली वेळ नव्हती. गेल्या खेपेला नळाची तोटी शोरूमकडून घट्ट करून घेतली होती. हल्ली तर सासूबाई थोरलीकडे राहायलाही येत नाहीत. विचारलं की म्हणतात, गुडघे दुखतात. गुडघे दुखणारी बाई स्टुलावर चढून जळमटं काढते हे काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे सरळ होतं. म्हातारपणी माणूस तालेवार जावयाकडे झुकतं. तिकडे जाऊन राहत असतील, आणि इकडे गुडघ्यांचं नाव.

“यातलं कोणतं घ्यायचं?” सासूबाईंनी विचारलं.

“माझ्या मते हे पहिलं,” शोरूम म्हणाले. “किल्लीचं डोकं रुंद आहे, धरायला सोपं. अर्धा वळसा दिला की कुलपाची जीभ चौकटीत. आम्ही वयस्कर लोकांना शक्यतो हेच देतो.”

“मी वयस्कर?” सासूबाई म्हणाल्या.

“नाही, म्हणजे तसं नाही...”

ही संधी सोडण्याइतके किल्लीकाका भोळे नव्हते. त्यांनी इतका वेळ न शिवलेल्या पेटीत हात घातला आणि तिसरं कुलूप उचललं. सगळ्यांत जड, सगळ्यांत काळं. किल्ली घालून फिरवून पाहिली. आतली स्प्रिंग इतकी ताठ होती की त्यांच्यासारख्या कसलेल्या बोटांनाही जोर लावावा लागला. एक वळसा, मग दुसरा, मग तिसरा, तेव्हा कुठे जीभ पुरती बाहेर आली. हे जर रोज फिरवावं लागलं, तर चार दिवसांत यांना आपल्या कुलपाची आठवण येईल, असं त्यांच्या मनात आलं. विचार वाईट होता हे त्यांना कळत होतं. तरी तो त्यांना गोड लागला.

“घ्यायचंच झालं तर भक्कम घ्या,” ते म्हणाले. “हे घ्या.”

“दादा, कुलूप उत्तमच आहे,” शोरूम सांभाळून बोलले. “पण ते आम्ही गोदामांना देतो. आईंना जड जाईल.”

“जड?” काकांचा आवाज चढला. “इतकी वर्षं माझं कुलूप फिरवतायत त्या. दार उचलून फिरवतायत! त्यांच्या हाताला जडबिड काही जात नाही. विचारा त्यांना.”

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या खुर्चीत बसून बिस्किटं बशीत मांडत होत्या. “हो ना,” त्या म्हणाल्या. “जड कसलं त्यात?”

“किल्ली फिरवून बघता का, आई?” शोरूमनं कुलूप पुढे केलं.

“मला काय कळतंय त्यातलं? यांनी बघितलं म्हणजे झालं.” सासूबाईंनी काकांकडे बोट केलं आणि हात मांडीवर ओढून घेतले. “हे म्हणतील ते.”

किल्लीकाका जिंकले होते. शोरूमचा सल्ला शोरूमच्याच मखमलीत पडून राहिला. आता कुलूप बसवायचं होतं. दुकानातून माणूस बोलावतो, असं शोरूम म्हणाले, तर काकांनी त्यांना वाक्यही पुरं करू दिलं नाही. “माझं कुलूप आहे. काढायचं तर मीच काढणार. तुम्ही फार तर बॅटरी धरा.”

दारापाशी बोळ होता आणि भर दुपारीही तिथे अंधार असे. हत्यारांची पिशवी शेजारी ठेवून किल्लीकाका गुडघ्यांवर बसले. शोरूम इस्त्रीचा शर्ट सांभाळत त्यांच्यामागे वाकले आणि बॅटरी धरली. बायको आणि सासूबाई आत कपबशा विसळत होत्या.

स्क्रू अगदी सहज सुटले. बसवताना त्यांना मेणबत्तीचं मेण लावलं होतं, ते काकांना आठवलं. तेव्हा ही बायको आतल्या दाराच्या फटीतून बघत होती, आणि तिला दिसावं म्हणून आपण बाह्या जरा जास्तच वर सरकवल्या होत्या. शेवटचा स्क्रू निघाला. कुलूप तळहातावर आलं. त्याच्या मागचं लाकूड इतक्या वर्षांत उजेड न लागल्यामुळे फिकट राहिलं होतं, हातातलं घड्याळ काढल्यावर मनगट दिसतं तसं. किल्लीकाकांनी त्यावरून अंगठा फिरवला.

“खरं सांगू, दादा?” शोरूम मागून म्हणाले. “या कुलपाचं कौतुक ऐकून ऐकून माझे कान किटलेत.”

“म्हणजे?”

“लग्नानंतर पहिल्यांदा या घरी आलो ना, तर आईंनी मला आत घ्यायच्या आधी दारातच उभं करून कुलूप दाखवलं. ‘जरा उचलून हं,’ म्हणाल्या. मी मनात म्हटलं, गेलं! कुलपांच्या धंद्यातला म्हणून या घरात आपली काही वट राहील असं वाटलं होतं, तर इथे आधीच खुंटा ठोकून ठेवलेला.” ते हसले, पण नेहमीसारखं मोकळं नाही. “अजून मला या घरात एक स्क्रू पिळायला मिळालेला नाही. बरण्या उघडतो फक्त.”

किल्लीकाका चौकटीकडे वळले. कुलपाची जीभ चौकटीतल्या ज्या खाचेत जायची, ती खाच आता मोठी करायची होती. त्यांनी पटाशी आत घातली. लाकडाचा आवाज आला नाही. टोक मऊसर, ठिसूळ कशात तरी रुतलं आणि बाहेर मातीचा चुरा पडला.

“हे काय?” शोरूमनं बॅटरी जवळ आणली. “माशीनं घर केलंय वाटतं.”

खाचेत कुंभारमाशीचं घरटं होतं. मातीनं ती खाच तळापासून तोंडापर्यंत लिंपलेली होती. आतल्या जुन्या मातीला पिल्लं उडून गेल्याची भोकं होती, आणि त्यावर दुसऱ्या कुठल्या माशीनं पुन्हा नव्यानं लिंपण केलं होतं. तेही वाळून पांढरं पडलं होतं.

“करतात मिळेल तिथे,” किल्लीकाका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच लांबून आल्यासारखा वाटला.

कारण खाचेत माती असेल तर जीभ आत जाणार कशी? त्यांनी मांडीवरचं जुनं कुलूप उचललं आणि उजेडात धरलं. रोज आतबाहेर होणाऱ्या जिभेला एका अंगाला चकाकी असते. ही जीभ तपकिरी होती, वर धुळीचा थर. त्यांनी किल्ली घालून फिरवली. कुलूप ठणठणीत होतं. जीभ बाहेर आली, आत गेली. कुलपात काही बिघाड नव्हता. कुणी ते फिरवलेलंच नव्हतं.

“काय झालं, दादा?”

“काही नाही. बॅटरी सरळ धरा.”

आणि मग एकेक गोष्ट त्यांच्यापुढे येऊन बसू लागली. हल्ली कधीही आलं तरी आतून हाक यायची, “दार उघडंच आहे, या.” त्यांना वाटायचं, आपली वाट बघत बसल्यात. ती बरणी. ती नळाची तोटी. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलणं. मघाशी किल्ली फिरवायला सांगितल्यावर मांडीवर ओढून घेतलेले हात. त्या हातांची मनगटं सुजलेली होती, आणि आपण बघत होतो पंख्याकडे.

“काय हो,” त्यांनी मान न वळवता विचारलं, “आई तुमच्याकडे येतात ना राहायला? अधूनमधून?”

“कुठे हो! आम्ही बोलावून दमलो. घर टाकून कशी येऊ म्हणतात.” शोरूमनं बॅटरी दुसऱ्या हातात घेतली. “आम्हाला वाटायचं, तुमच्याकडेच असतात. आमच्या घरात त्यावरून धुसफूस पण झालीय. हिचं म्हणणं, आईला थोरलीचंच घर जवळचं.”

म्हणजे बाई कुठेच जात नव्हती. दार उचलून ओढायला मनगटात जोर राहिला नव्हता, कुलूप लागत नव्हतं, कडीही बसत नव्हती, आणि उघडं घर टाकून जाववत नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानात गेलीच, तर दार नुसतं लोटून, जीव मुठीत धरून, धावत परत येत असेल. एकटी बाई. वरचं घर फुटलं तेव्हाही हे दार असंच, नुसतं लोटलेलं. एक शब्द बोलली असती तर त्यांनी त्याच दिवशी येऊन बिजागरी सरळ केली असती. पण ती बोलली नव्हती. जावयानं घडवलेलं कुलूप होतं ना! आल्यागेल्याला ती सांगत राहिली, जरा उचलून हं; आणि स्वतः उचलणं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

आणि आपण काय केलं? तिला गोदामाचं कुलूप निवडून दिलं. निव्वळ जळफळाटापायी. किल्लीकाकांना स्वतःची इतकी शरम वाटली की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शोरूमच्या बॅटरीत त्या लाल दिसत असतील, असंही त्यांना वाटून गेलं.

त्यांनी घरट्याची माती पटाशीनं सगळी उकरून काढली. जमिनीवर पडलेला चुरासुद्धा बोटांनी गोळा केला, रुमालात बांधला आणि रुमाल खिशात घातला. सासूबाईंच्या दृष्टीला तो पडायला नको होता. मग ते उठले आणि खोलीत आले. बायको आणि सासूबाई कपबशा पुसत होत्या.

“ते काळं नको,” ते म्हणाले. “पहिलं बसवू.”

“का हो?” बायको म्हणाली. “मघाशी तर...”

“मघाशी माझा अंदाज चुकला. चौकट तेवढी जाड नाही. काळं तिथे मावायचं नाही.” ते मागोमाग आलेल्या शोरूमकडे वळले. पुढचं वाक्य त्यांना दाढेखालून ओढून काढावं लागलं. “तुमचंच बरोबर होतं.”

शोरूमनं एकदा चौकटीच्या दिशेनं पाहिलं. चौकट चांगली जाडजूड होती, हे कुलपांच्या धंद्यातल्या माणसाला दिसत होतंच. तरी पहिलं कुलूप मखमलीतून काढून त्यांनी दोन्ही हातांनी काकांकडे दिलं, आणि या वेळी किल्लीकाकांनी ते घेतलं.

सासूबाई मात्र काकांच्या बोटांकडे बघत होत्या. नखांत माती होती. “केर पडला असेल दारात. मी काढते,” त्या घाईघाईनं म्हणाल्या.

“काढला मी. काही नव्हतं विशेष. भुसा होता.”

त्या हातातला कप पुन्हा पुसू लागल्या. तो मघाशीच पुसून झाला होता.

किल्लीकाकांनी आधी दार बिजागऱ्यांतून सैल केलं. खालच्या बिजागरीमागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा सारला आणि स्क्रू आवळले. दार सुतात आलं. एवढंच होतं ते काम. मग पहिलं कुलूप बसवायला घेतलं. एका बाजूचे स्क्रू त्यांनी स्वतः पिळले आणि मग काय वाटलं कोण जाणे, स्क्रू ड्रायव्हर मागे केला. “ते खालचे दोन तुम्ही पिळा,” ते म्हणाले.

शोरूमनं इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता जमिनीवर फतकल मारली. “किती आवळू, दादा?”

“लाकडाला दुखेल इतकं नको.”

काम झालं तसे पेटी, पिशवी घेऊन सगळे बाहेर पायरीवर आले. किल्लीकाकांनी दार लावून घेतलं आणि किल्ली सासूबाईंना दिली. त्यांनी सवयीनं आधी दाराची मूठ धरली, खांदा उचलला, दम रोखला.

“उचलायचं नाही,” किल्लीकाका म्हणाले.

“नाही?”

“नाही. नुसतं फिरवा.”

सासूबाईंनी फिरवलं. सुजलेल्या बोटांत किल्लीचं रुंद डोकं नीट बसलं. अर्धा वळसा, आणि आत हलकासा आवाज आला. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “लागलं?”

“लागलं.”

“अगंबाई!” त्यांनी उघडलं, पुन्हा लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. हत्यारांच्या ताटावर आयुष्य काढलेली ती करारी बाई पायरीवर उभी राहून किल्लीशी खेळत होती आणि तिला कुणाचं भान नव्हतं. आपलं कुलूप कुणी कधी असं हौसेनं फिरवलं होतं का, असं किल्लीकाकांच्या मनात आलं. शरम होतीच, पण तिच्या आडून तो जुना जळफळाट पुन्हा उठला. या वेळी शोरूमवर नाही, त्या चकचकीत कुलपावरच.

कुलपासोबतच्या पाकिटात दुसरी किल्ली होती. सासूबाईंनी ती काढली. दोन जावई, एक किल्ली. शोरूम जवळ राहत होते, त्यांच्याकडे गाडी होती, कुलूप त्यांच्या दुकानातलं होतं. शहाण्या माणसानं म्हटलं असतं, ती त्यांच्याकडे द्या. सासूबाईंनी ती किल्लीकाकांच्या पुढे धरली. “आधीचीही तुमच्याकडेच असायची ना?”

किल्लीकाकांनी ती घेतली. लगेच घेतली. एवढं मोठं मन त्यांना अजून झालं नव्हतं. शोरूमचा चेहरा किंचित उतरला तो त्यांनी पाहिला आणि त्यांना बरं वाटलं, हेही खरंच आहे.

“मी जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते,” सासूबाई म्हणाल्या. दाराला कुलूप होतं, पायात चपला होत्या.

“आत्ता? काय आणायचंय, आई? हे आणतील,” थोरली म्हणाली.

“काही आणायचं नाहीये. नुसतं जाऊन येते.”

“मग आम्ही काय, बाहेरच?”

“बसा की पायरीवर. किल्ली आहे जावईबापूंकडे.” त्या दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. “आणि रविवारी मी तुमच्याकडे येणार आहे राहायला. मग पुढच्या आठवड्यात धाकटीकडे. भांडू नका.”

त्या रस्त्यानं निघाल्या. चाल ताठ होती, किल्ली मुठीत होती. कोपऱ्यावर त्या वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. एकदाही त्यांनी मागे दाराकडे पाहिलं नाही.

बायको पायरीवर बसली. शोरूम शर्टाची धूळ झटकत गाडीकडे पेटी ठेवायला गेले. किल्लीकाका दारापाशी उभे राहिले. पिशवीत जुनं कुलूप होतं, खिशात माती होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नव्हतं. मग दाराची मूठ धरली आणि जरा उचलून आपल्याकडे ओढून पाहिली.

दार जागचं हललं नाही.